यंत्र अडले तर तोटा कुणाचा?

पीकविम्याच्या क्षेत्रात बीड जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचले ते एका करारामुळे. 2020 च्या खरिपात या जिल्ह्यातील पिकांचा विमा उतरविण्यास विमा कंपन्या पुढे येईनात. दुष्काळ आणि अतिवृष्टी यांच्या कात्रीत सापडलेल्या या जिल्ह्यातील जोखीम त्यांना परवडणारी वाटत नव्हती. अखेर भारतीय कृषी विमा कंपनीने ही जबाबदारी घेतली, पण ती निराळ्या अटींवर. जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीने द्यावयाची, त्यावरील बोजा राज्य शासनाने उचलावयाचा, आणि भरपाई 80 टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीने हप्त्यातील 20 टक्के स्वतःकडे ठेवून उरलेली रक्कम शासनाला परत करावयाची. हाच तो ‘बीड पॅटर्न’. पुढे तो राज्यभर स्वीकारला गेला. त्याच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली आहे; परंतु त्यामागील विचार निर्विवाद शहाणपणाचा होता. नुकसान होणारच आहे हे गृहीत धरावे आणि ते झाल्यावर कुणी किती सोसावयाचे हे आधीच कागदावर ठरवावे, असा तो विचार होय.

पावसाच्या बाबतीत दाखविलेले हे शहाणपण संगणकाच्या बाबतीत मात्र कुठेच आढळत नाही. पीकविम्याचा अर्ज, कर्जमाफीची यादी, सातबाराचा उतारा, शिधापत्रिका, शिष्यवृत्ती, पगार, हे सारे आता संगणकप्रणालीच्या हवाली झाले आहे. पाऊस लहरी आहे, तसे यंत्रही केव्हातरी अडणार, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते अडल्यावर तोटा कुणी सोसावयाचा, याविषयी कोणताही लेखी करार नाही. करार नसला की तोटा उताराकडे वाहणाऱ्या पाण्याप्रमाणे सर्वांत खालच्या माणसापाशी जाऊन थांबतो. बीड जिल्ह्यात तो माणूस बहुधा दोन-तीन एकरांचा कोरडवाहू शेतकरी असतो.

एक टक्क्याचा हिशेब

खरिपाच्या विम्याची मुदत गेली अनेक वर्षे साधारणतः जुलैअखेरीस संपत आली आहे. अर्जासाठी पेऱ्याचे घोषणापत्र द्यावे लागते, आणि मराठवाड्यात पाऊस लांबला की पेरणीही लांबते. त्यामुळे अर्जांची गर्दी शेवटच्या आठवड्यात उसळते, हे दरवर्षी ठरलेले आहे. 2017 च्या जुलैत मराठवाड्यातील बँकांपुढे आणि सेवा केंद्रांपुढे लागलेल्या रांगा अनेकांच्या स्मरणात असतील. संगणकावरील अर्जाचा आग्रह, त्यात सर्व्हरची संथ गती, अशा कोंडीत त्या वर्षी मुदत वाढवावी लागली. 2023 मध्येही ती 31 जुलैवरून 3 ऑगस्टपर्यंत न्यावी लागली.

एखादी प्रणाली शंभरातील नव्याण्णव वेळा चालते असे सांगितले, की ऐकणाऱ्याचे समाधान होते. पण वर्षाच्या 365 दिवसांतील एक टक्का म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक. हे साडेतीन दिवस मार्चमध्ये आले तर कुणाला पत्ताही लागणार नाही. तेच जुलैच्या अखेरीस आले, तर वर्षभराचे संरक्षण गेले. आणि बंद पडण्याची शक्यता अर्थातच जुलैच्या अखेरीस सर्वाधिक, कारण भार तेव्हाच सर्वाधिक. सरासरीवर समाधान मानणारी रचना येथे कामाची नाही. कसोटीच्या दिवशी ती किती टिकते, हाच खरा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट साखळीची. विम्याच्या एका अर्जासाठी सातबारा आणि आठ-अ, आधार क्रमांक, बँकेचे खाते आणि पेऱ्याचे घोषणापत्र लागते. 2025 च्या खरिपापासून त्यात शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणीची नोंद यांची भर पडली. यांपैकी जमिनीची नोंद महसूल खात्याच्या प्रणालीत, आधार केंद्रीय प्राधिकरणाकडे, खाते बँकेत आणि अर्ज विम्याच्या पोर्टलवर. पाच कड्यांची साखळी असेल आणि प्रत्येक कडी शंभरात नव्याण्णव वेळा भक्कम असेल, तर सबंध साखळी शंभरात जेमतेम पंचाण्णव वेळा टिकते. म्हणजे लाख अर्जदारांतील पाच हजारांच्या वाट्याला कुठेतरी अडथळा येणार. यात कुणा कारकुनाचा आळस नाही किंवा कुणा अभियंत्याचा प्रमाद नाही. हे साधे अंकगणित आहे. एक कडी तुटली तरी काम थांबू नये अशी योजना मुळातच केलेली नसेल, तर नवी अट घालणारा प्रत्येक शासन निर्णय साखळी आणखी कमकुवत करीत जातो.

दप्तराची शिस्त

विश्वसनीय प्रणालीची रचना हा विषय सॉफ्टवेअरच्या कंपन्यांपुरता आहे, असा समज रूढ आहे. वस्तुतः त्याची मूलतत्त्वे महसुली दप्तरात कितीतरी आधीपासून नांदत आहेत. फेरफाराचेच उदाहरण घ्यावे. जमिनीचा हक्क बदलला की तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफार नोंदवहीत नोंद घेतो. परंतु ही नोंद लगेच सातबारावर चढत नाही. चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधितांना कळविले जाते, हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते. हरकत आलीच तर ती स्वतंत्र नोंदवहीत जाते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. जुनी नोंद खोडून नाहीशी करावयाची नाही. ती कंस करून ठेवावयाची आणि तिच्यापुढे फेरफाराचा क्रमांक लिहावयाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 157 नोंद खरी मानते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. आणि लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी त्याच संहितेत कलम 155 आहे.

संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याच गोष्टी निराळ्या शब्दांत सांगितल्या आहेत. आलेली नोंद प्रथम सुरक्षितपणे स्वीकारावी आणि तपासणी स्वतंत्रपणे करावी. प्रत्येक बदलाचा माग राहावा. एका भागातील बिघाड दुसऱ्या भागात पसरू नये. चूक होणारच, म्हणून दुरुस्तीची वाट आधी आखावी. दप्तर लिहिणाऱ्यांनी ही रचना केली ती यंत्रासाठी नव्हे, माणसाच्या विसराळूपणासाठी आणि लबाडीसाठी. जुन्या पद्धतीत दिरंगाई होती, लाचलुचपत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दप्तर संगणकावर नेताना त्यातील कागद तेवढा गेला पाहिजे होता. अनेक ठिकाणी कागदाबरोबर शिस्तही गेली.

ती टिकविण्याचा एक चांगला प्रयत्न महाराष्ट्रातच झाला, हेही सांगितले पाहिजे. 2017 च्या उन्हाळ्यात संगणकीकृत सातबाराचे गावोगावी चावडीवाचन करण्यात आले. हस्तलिखित उतारा आणि संगणकातील उतारा यांत फरक आहे काय, हे खातेदारांपुढे वाचून तपासले गेले आणि चुका दुरुस्त करण्यासाठी प्रणालीत स्वतंत्र सोय केली गेली. 1 मे 2018 रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला, तो या खटाटोपानंतर. ज्याच्याविषयी नोंद आहे त्यालाच ती वाचून दाखविणे, याहून प्रभावी तपासणी कोणत्याही यंत्राला साधलेली नाही.

दोन कर्जमाफ्या

रचनेने काय फरक पडतो, याचा धडा राज्याने तीन वर्षांत दोनदा घेतला. जून 2017 मध्ये दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा झाली. योजना छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची होती आणि तिच्यासाठी शेतकऱ्याने संगणकावर अर्ज भरावयाचा होता. लाखो अर्ज आले. तेवढीच माहिती बँकांकडून आली. आणि या दोन ढिगांची सांगड घालण्याचे काम प्रणालीवर सोपविण्यात आले. 18 ऑक्टोबर 2017 रोजी, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटून प्रारंभ झाला. पण लागलीच याद्यांतील विसंगती बाहेर आल्या. अनेक कर्जदारांच्या नावांपुढे एकच आधार क्रमांक असल्याचे आढळले. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि शेतकरी बँकेच्या पायऱ्या झिजवीत राहिला.

डिसेंबर 2019 मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची दुसरी योजना आली. तिची रचना उलटी होती. शेतकऱ्याने अर्ज करावयाचाच नव्हता. कर्जखात्याची माहिती बँकेने द्यावयाची, यादी गावात लावावयाची, शेतकऱ्याने आपली रक्कम पाहून आधारची पडताळणी करावयाची आणि रक्कम मान्य नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे तक्रार करावयाची. शिवाय ही योजना एकदम राज्यभर सोडली गेली नाही. 24 फेब्रुवारी 2020 रोजी पहिली यादी निघाली ती 68 गावांची, सुमारे पंधरा हजार खात्यांची. तेथे काय अडते हे पाहून मग पुढच्या याद्या आल्या. या योजनेतही त्रुटी राहिल्या. पण पहिल्या योजनेसारखा गोंधळ उडाला नाही. संगणक तेच होते, बँका त्याच होत्या, कर्मचारीही बहुतांशी तेच होते. बदलला होता तो आराखडा.

एवढे असूनही एक भोक राहिलेच. त्या याद्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आल्या. आणि त्या महिन्यांत बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार गावात नसतो. दसऱ्यानंतर तो पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्यांवर जातो आणि गाळप संपल्यावर परततो. कोयता धरून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या, नोंदविलेला मोबाइल क्रमांक बदललेला, आणि मुक्काम उसाच्या फडाजवळच्या कोपीत. अंगठा आणि ओटीपी यांवर उभारलेल्या प्रणालीला हा माणूस अपवाद वाटतो. बीड जिल्ह्यात तो अपवाद नाही. लाखोंच्या संख्येने असलेला तो नियमच आहे. प्रणाली कुणासाठी आखावयाची, हे कार्यालयात बसून ठरविले की असे होते.

चालू यंत्र, खोटी नोंद

यंत्र बंद पडणे हा अविश्वसनीयतेचा एक प्रकार झाला. यंत्र सुरळीत चालावे आणि त्यात खोटे भरले जावे, हा दुसरा प्रकार त्याहून अधिक घातक. 2023 च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीकविमा दिला. आदल्या खरिपातील सुमारे 96 लाख अर्जांची संख्या 1 कोटी 70 लाखांवर गेली. त्यात नव्याने संरक्षण मिळालेले खरे शेतकरी पुष्कळ होते. परंतु शासकीय जमीन, बिगरशेती जमीन, दुसऱ्याच्या नावावरची जमीन यांवरही विमे उतरविले गेल्याचे उघड झाले. 2024 च्या खरिपातील चार लाखांहून अधिक अर्ज असे निघाल्याचे शासनानेच सांगितले, आणि या प्रकरणात बीड जिल्ह्याचे नाव वारंवार घेतले गेले. शेवटी 2025 च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद होऊन खरीप पिकांसाठी दोन टक्के हप्त्याची मूळ पद्धत परत आली.

येथेही दोष केवळ माणसांच्या नीतिमत्तेचा नव्हता. अर्जामागे 40 रुपये सेवा केंद्राला मिळत. अर्जदाराला खर्च एक रुपयाचा. आणि जमिनीचा गट क्रमांक खरोखर त्याच्या नावावर आहे काय, शेतात तेच पीक उभे आहे काय, हे अर्जाच्या वेळी काटेकोर तपासले जात नव्हते. ज्या दुकानात माल मोजला जात नाही तेथे चोरी होते, यात नवल कसले? नवल याचे की चोरी उघडकीस आल्यावर योजिलेला उपाय प्रामाणिक माणसालाच अधिक जड गेला. ओळख क्रमांक सक्तीचा झाला, पीक पाहणी सक्तीची झाली. तपासणी हवीच, पण सामाईक सातबारा असलेल्या भावांपैकी एकाचे नाव चुकले, वारसाची नोंद रखडली, तर तो खरा शेतकरीही दाराबाहेर राहतो. बनावट अर्जदाराची गाळणी कशी करावी, याचा विचार होतो. त्या गाळणीत अडकलेल्या खऱ्या अर्जदाराला बाहेर कसे काढावे, याचा होत नाही.

चंद्रयान आणि टपाल कचेरी

जगाच्या अनुभवातून दोन टोकांची उदाहरणे घेण्यासारखी आहेत. 20 जुलै 1969 रोजी अपोलो-11 चे यान चंद्रावर उतरत असताना त्यातील संगणकाने धोक्याचे इशारे देण्यास प्रारंभ केला. एका रडारमुळे त्याच्यावर कामाचा अकल्पित भार पडला होता. तरीही यान सुखरूप उतरले. कारण मॅसॅच्युसेट्स येथील प्रयोगशाळेतील अभियंत्यांनी, ज्यांच्या सॉफ्टवेअर विभागाच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन होत्या, असा प्रसंग येईल हे धरून प्रणाली आखली होती. भार वाढला की बिनमहत्त्वाची कामे टाकून द्यावीत आणि उतरण्याचे काम तेवढे चालू ठेवावे, अशी तिची रचना होती. आजच्या मोबाइलपुढे तो संगणक अगदीच दुबळा होता. त्याला तारले ते कोणते काम आधी आणि कोणते मागे, याच्या विचाराने.

उलट 4 जून 1996 रोजी युरोपचे आरियान-5 हे अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत नष्ट झाले. दिशा सांगणारा संगणक बिघडला, तर दुसरा तयार होता. परंतु दोन्हींत एकच आज्ञावली होती. म्हणून एकाच चुकीने दोन्ही निकामी झाले. सर्व्हर दुप्पट केले, असे सांगून निश्चिंत होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्याहूनही बीडच्या प्रश्नाशी निकटची कहाणी ब्रिटनच्या टपाल खात्याची आहे. 1999 पासून तेथील टपाल कचेऱ्यांत ‘होरायझन’ नावाची हिशेबप्रणाली बसविण्यात आली. प्रणाली हिशेबात तूट दाखवी आणि ती भरून देण्याची जबाबदारी कचेरी चालविणाऱ्या माणसावर येई. 2015 पर्यंत नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांची घरेदारे गेली. डिसेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतच दोष असल्याचे मान्य केले आणि 2024 मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. मूळ दोष आकडेमोडीतील होता. पण त्याचे संकटात रूपांतर केले ते दुसऱ्याच गोष्टीने. संगणक बरोबर आणि माणूस चूक, हे तेथील व्यवस्थेने आणि कायद्याने गृहीत धरले होते. ‘संगणकात असेच दाखवते’ हे उत्तर तहसील कचेरीच्या खिडकीपाशी ऐकणाऱ्या माणसाला ही कहाणी परकी वाटू नये. ते उत्तर देणारा कारकूनही बहुधा तितकाच हतबल असतो. समोरच्याचे म्हणणे खरे आहे हे त्याला दिसते, परंतु नोंद बदलण्याचा अधिकार त्याला नसतो आणि तो कुणाला आहे हेही पुष्कळदा माहीत नसते.

करारात काय असावे

राज्यातील नोकरदारांना या प्रश्नाची दुसरी बाजू परिचित आहे. जानेवारी 2018 मध्ये शिक्षकांच्या वेतनाची ‘शालार्थ’ प्रणाली बंद पडली. पगार लांबले, त्रास झाला. परंतु पुढील काही महिने कागदोपत्री देयकांवर पगार निघाले. यंत्र बंद होते म्हणून त्या महिन्याचा पगार बुडाला, असे कुणी म्हटले नाही. म्हणणे शक्यही नव्हते. शिक्षकाचे देणे यंत्रावाचूनही देणेच राहिले. शेतकऱ्याचा हक्क मात्र यंत्राच्या मुदतीबरोबर संपतो. हा भेद तंत्रज्ञानाने केलेला नाही. तो व्यवस्थेने ठरविलेला आहे आणि म्हणून व्यवस्थेला तो बदलता येतो.

त्यासाठी काय करावे, हे फारसे गूढ नाही. पहिली गोष्ट पोचपावतीची. अर्ज प्रथम स्वीकारून वेळेची नोंद असलेली पावती द्यावी. आधार, सातबारा व खाते यांची पडताळणी मागाहून सावकाश करावी. ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये शेतात नेटवर्क नसेल तर नोंद फोनमध्ये साठवून नंतर पाठविण्याची सोय आहे. तेच तत्त्व येथे लावता येईल. दुसरी गोष्ट मुदतीची. प्रणाली जितके तास बंद राहिली तितकी मुदत आपोआप वाढावी. त्यासाठी मंत्र्यांच्या घोषणेची वाट पाहावी लागू नये. तिसरी, बंद पडण्याची दैनंदिन नोंद जाहीर व्हावी. तलाठ्याच्या दप्तराची तपासणी होते, तर सर्व्हरच्या दप्तराची का नसावी? चौथी, तालुक्याच्या पातळीवर एक असा अधिकारी असावा, ज्याला कागद पाहून यंत्राचा नकार बाजूला ठेवण्याचा अधिकार असेल. त्याने तो कारण नोंदवून, स्वतःच्या सहीने वापरावा, म्हणजे गैरवापराचाही माग राहील. आणि पाचवी, मान्य व नामंजूर अर्जांच्या याद्यांचे गावात चावडीवाचन व्हावे. खोटा विमा कुणी उतरविला हे गावाला कुठल्याही यंत्राआधी कळते. आणि खरा कुणाचा राहिला हेही गावालाच कळते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला, की सवलत दिली की लबाड तिचा फायदा घेतात. परंतु पावती म्हणजे मंजुरी नव्हे. पडताळणी होणारच आहे; ती तीन दिवसांत उरकण्याऐवजी तीन महिन्यांत नीट व्हावी, एवढाच बदल आहे. घाईच्या पडताळणीतूनच बनावट अर्ज निसटले, हा ताजा अनुभव आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. भक्कम रचना महाग पडते, यात शंका नाही. पण कच्च्या रचनेचा खर्च वाचत नाही. तो फक्त शासनाच्या अंदाजपत्रकातून निघून माणसांच्या संसारात जातो. बुडालेली मजुरी, तालुक्याच्या खेपा, हुकलेला विमा आणि त्यापायी सावकाराकडून काढलेले कर्ज, यांची बेरीज कुठल्याच ताळेबंदात येत नाही, म्हणून ती शून्य ठरत नाही.

दरवर्षी खरिपापूर्वी पीकविम्याचा शासन निर्णय निघतो. त्यात पिकांची नावे, हप्त्याचे दर, विमा संरक्षित रकमा आणि कंपन्यांची जबाबदारी पानेच्या पाने भरून असते. पुढच्या निर्णयात आणखी एक परिच्छेद घालावा: प्रणालीतील दोषामुळे पात्र शेतकऱ्याचा अर्ज राहिला, तर त्याची भरपाई कुणी, किती दिवसांत आणि कोणत्या निधीतून द्यावयाची. असा परिच्छेद घालणे भाग पडले, की प्रणाली उभारणारे आणि विकत घेणारे दोघेही रचनेचा विचार आपोआप करू लागतील. कारण मग तोटा त्यांच्या खात्यावर पडेल. नुकसानीची वाटणी आधी करण्याचा पहिला प्रयोग बीड जिल्ह्यात झाला. हा दुसरा प्रयोग तेथेच करण्यास कोणती अडचण आहे, हे शासनाने एकदा सांगावे.